तोटकात लावलेलं इंजिन

३ मार्च, सोमवार. चहानंतर.

आजपासून नवी रोजनिशी. जुनी जानेवारीतच बंद पडली, पण तो त्या वहीच्या कागदाचा दोष. शाई फुटायची.

कारण गंभीर आहे. हिने आज निर्वाणीचा इशारा दिला. हिला गॅरेज हवं आहे. ही शाळेत पी.टी.ची बाई होती. ही निवृत्त झाली, हिची शिट्टी झाली नाही. आता कॉलनीतल्या बायकांचा व्यायामवर्ग आमच्या दिवाणखान्यात भरतो. काल उड्या चालू असताना कपाटातला शब्दकोश खाली आला. ही म्हणते जागा अपुरी पडते. मी म्हणतो, शब्दकोशाने निषेध नोंदवला.

गॅरेजमध्ये माझी गाडी उभी आहे. बरीच वर्षं चालली, आता बरेच महिने उभी आहे. तर अट अशी: सोळा तारखेच्या रविवारी गाडीने पाण्याच्या टाकीचा चढ चढून दाखवायचा. आत मी, ही आणि हिची थोरली बहीण. कुणी उतरून ढकलायचं नाही. चढली तर गाडी राहील आणि ही पुन्हा विषय काढणार नाही. नाही चढली तर गाडी त्या जुन्या गाड्या उचलून नेणाऱ्या माणसाकडे, आणि गॅरेजमध्ये सतरंज्या.

मी जागच्या जागी मान्य केलं. गाडीला झालंय काय? टायमिंग गेलंय, एवढंच. सुरू होते, पण चढ दिसला की तिचा कंठ दाटून येतो. पंधरवडा पुष्कळ आहे. खरं तर एक सकाळ पुष्कळ आहे.

संकल्प: उद्या पहाटे उठून टायमिंग लावणे. परवापासून गाडीतून फिरायला जाणे.

४ मार्च, मंगळवार.

पहाट साडेआठला झाली.

बॉनेट उघडलं. तो वास आला. पेट्रोल, रबर आणि थोडी धूळ. कसं सांगू? याच गाडीतून हिला लग्नानंतर घरी आणलं. याच गाडीच्या मागच्या सीटवर लेक कविता पाठ करायची आणि टपाल कचेरीचं वळण आलं की नेमकी तिसरी ओळ विसरायची. मग मी मुद्दाम वळण हळू घ्यायचो. मागून हॉर्न वाजवायचे लोक. वाजवोत. कविता महत्त्वाची.

दुपारपर्यंत आठवणी पुसून झाल्या. इंजिन उद्या.

६ मार्च, गुरुवार.

काल पाठ धरली होती. बॉनेटवर वाकून आठवणी काढल्याने.

आज सिद्धान्त पक्का केला. टायमिंग म्हणजे ठिणगी कधी पडावी हे ठरवणं. इंजिनात डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो. त्याच्या डोक्यातून चार जाड वायरी निघतात आणि चार प्लगांकडे जातात. खालचा बोल्ट सैल करून तो डबा किंचित इकडे-तिकडे फिरवला की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. बस. म्हणजे यमकासारखंच झालं. ओळीच्या शेवटी पडलं तर टाळी, आधीच पडलं तर हसं, उशिरा पडलं तर श्रोते घरी.

हे सगळं हिला समजावून सांगितलं. ही भाजी निवडत म्हणाली, म्हणजे कुणी शिट्टीच्या आधी पळतो आणि कुणी शिट्टी झाल्यावर जागा होतो, असंच ना? मी म्हणालो, अगं, इतकं गद्य नाही ते. ही म्हणाली, बरं.

जावयाने कुरिअरने एक पिस्तूल पाठवलंय. टायमिंग लाइट म्हणतात त्याला. चालू इंजिनाच्या फिरत्या चाकावर धरलं की झगझग प्रकाश पडतो आणि चाकावरची खूण जागच्या जागी थांबलेली दिसते. ती ठरलेल्या रेघेसमोर आली की टायमिंग बरोबर. फोन करून स्पष्ट सांगितलं, जावईबापू, जे फिरतंय ते थांबलंय असं दाखवणारा दिवा खोटारडा असतो, मी कानाने लावणार. तो म्हणाला, बाबा, सगळे दिव्यानेच लावतात. मी म्हणालो, सगळे मुक्तछंदातही लिहितात.

त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

८ मार्च, शनिवार. सकाळी अकरा.

काम सुरू! डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून लख्ख पुसलं. त्यासाठी चारही वायरी काढल्या. पुन्हा लावताना पहिली पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला, तिसरी तिसऱ्याला, चौथी चौथ्याला. हजेरीपटासारखं. शिस्तीचा मी भोक्ता आहेच.

अकरा वीस.

चावी फिरवली. गाडीने असा बार काढला की समोरच्या झाडावरचे सगळे पक्षी उडाले आणि ही शिट्टी घेऊन बाहेर आली.

साडेअकरा.

शेजारचा दाताचा डॉक्टर येऊन गेला. अंगावर पांढरा कोट, तोंडावर मास्क. म्हणाला, सर, तुमच्याविषयी आदर आहे, तुम्ही मला व्याकरण शिकवलंय. पण तुमची गाडी असा आवाज करते तेव्हा पेशंट दचकून तोंड मिटतो. मी म्हणालो, मग? तो म्हणाला, मग काय सर, माझं बोट आत असतं.

बोट दाखवलं. थोडं लाल होतं. विद्यार्थी म्हणून तो नेहमीच रडका होता.

संध्याकाळ.

गाडीच्या पुस्तकात सापडलं. ठिणगीचा क्रम एक, दोन, तीन, चार नसतोच. एक, तीन, चार, दोन असतो! वाचून उभा राहिलो. अहाहा! हा तर पद्याचा शब्दक्रम. पद्यात शब्द कधी सरळ क्रमाने येतात का? यंत्र बनवणारा माणूस आतून कवी होता. माझ्या हातून घडली ती चूक नव्हेच, मी इंजिन गद्यात लावलं होतं इतकंच.

वायरी पद्याच्या क्रमाने लावल्या. गाडी सुरू झाली. धापा टाकते, पण सुरू आहे. डॉक्टरच्या खिडकीकडे पाहून हात केला. त्याने पडदा ओढला.

११ मार्च, मंगळवार.

ही म्हणाली, अहो, मेकॅनिकला तरी दाखवा. हिच्या शब्दाला कमीपणा नको म्हणून गेलो. चौकातला मेकॅनिक गाडीच्या खाली होता. खालूनच म्हणाला, ठेवून जा काका, बघतो. कधी बघशील विचारलं तर म्हणाला, बघतो ना. त्याच्या अंगणात ‘बघतो’ म्हणून ठेवलेल्या बऱ्याच गाड्या होत्या. एकीच्या सीटवर मांजर व्यायलं होतं. पिल्लं गोड आहेत. एक घरी न्यावं असं वाटलं, पण सध्या घरात माझा शब्द जरा हलका आहे.

परत आलो. हे काम परक्या हातात देण्याचं नाही.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी.

झालं! जमलं! लागलं!

सविस्तर लिहितो. इंजिन चालू ठेवलं. बोल्ट सैल केला. हाताला जुना मफलर गुंडाळून डिस्ट्रिब्युटर धरला, डोळे मिटले आणि ऐकत राहिलो. टक टक टक टक. लघु लघु लघु लघु. एकसुरी. यात ना गुरू, ना यतीचा विसावा. आयुष्यभर वर्गात टेबलावर बोटं वाजवत वृत्तं शिकवली, त्या कानाला हे कसं सहन व्हावं? मनात म्हटलं, हीच तर गाडीची व्यथा! बिचारी वर्षानुवर्षं गद्य बोलतेय.

डबा हळूहळू फिरवत गेलो. आणखी. आणखी थोडा. वायरी ताणल्या गेल्या, पण कलेत ताण लागतोच. आणि एका क्षणी आतून कुठेतरी ‘टिक्’ झालं आणि इंजिन गाऊ लागलं. ट ट टाऽ, ट ट टाऽ, ट ट टाऽ, ट ट टाऽ. लघु लघु गुरू! चार स-गण! शुद्ध तोटक!

डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे थोडं, पण मुख्यतः तोटकामुळे.

त्याच जागी बोल्ट आवळला. मी असेपर्यंत तो आता कुणी सैल करायचा नाही.

१४ मार्च, शुक्रवार.

लेकीला फोन लावून इंजिन ऐकवलं. ओळख, म्हटलं. ती म्हणाली, बाबा, कुकर लावलाय का? म्हटलं, नीट ऐक, वृत्त ओळख. ती म्हणाली, बाबा, कुकरच्या शिट्टीत पाणी गेलंय.

पिढी हातची गेली.

हिला बोलावलं. ही नाचणीचं पीठ लागलेल्या हातांनी गॅरेजच्या दारात उभी राहिली, मान तिरकी केली आणि पायाने ताल धरला. वाटलं, हिला तरी कळलं. ही म्हणाली, एक, दोन, तीन... चौथा कुठाय?

म्हटलं, चौथा म्हणजे?

ही म्हणाली, अहो, चारांची रांग आहे ना? तिघं पाय आपटतायत, चौथ्याच्या वेळेला गप्प. कुणीतरी कवायतीला दांडी मारलीय.

मी शांतपणे समजावलं की ती दांडी नव्हे, तिसरा गुरू आहे, म्हणून दोन मात्रा घेतो. ही म्हणाली, माझ्या मैदानावर असं गप्प राहणाऱ्याला मी गुरू नाही म्हणत, गैरहजर म्हणते.

हिच्याशी साहित्यिक चर्चा करायची नाही हा जुना संकल्प होता. पुन्हा करतो.

१५ मार्च, शनिवार.

आज गाडीला विश्रांती. मलाही. उद्या टाकीवर पोचल्यावर म्हणायला चार ओळी रचल्या, अर्थात तोटकात. पहिल्या तीन जमल्या. चौथी अडली आहे. वर पोचल्यावर आपोआप सुचेल, दृश्य चांगलं आहे तिथलं.

संध्याकाळी तो जुन्या गाड्या उचलणारा माणूस फाटकाशी उभा होता. नुसतं बघून जातो म्हणाला. गाडीभोवती चक्कर मारली, टायरला हलकेच पाय लावला. मला ते आवडलं नाही. आजारी माणसाच्या घरी येऊन खोलीचं माप घेतल्यासारखं वाटलं. तो गेल्यावर त्या टायरवरून ओलं फडकं फिरवलं.

जेवताना घास फार गेला नाही. ही म्हणाली, अहो, एक गाडी आहे ती. मी म्हटलं, हो. हिने ताटात भात जास्त वाढला. चिंता नाही. तोटक आहे आपल्याकडे.

१६ मार्च, रविवार. निघण्यापूर्वी.

हवा उत्तम. गाडी पहिल्याच चावीला सुरू. शुभशकुन. हिच्या ताई पुढे बसल्या, गुडघे दुखतात म्हणून. ही मागे. ताई गाडीत बसता बसता म्हणाल्या, मास्तर, घोडा लंगडतोय का हो तुमचा? मी हसून सोडून दिलं. वयाने मोठ्या आहेत.

त्याच दिवशी. दुपारी. पलंगावर पडून.

जे घडलं ते तटस्थपणे नोंदवतो.

सपाटीवर गाडी झकास गात होती. दवाखान्यावरून, शाळेवरून, पिठाच्या गिरणीवरून गेलो. शाळेच्या फाटकाशी हॉर्न दिला. रविवार असल्याने कुणी नव्हतं. मग चढ आला. पहिला गिअर टाकला. ट ट टाऽ चं ट... ट... टाऽऽ झालं. वृत्त तेच, लय विलंबित. मग इतकी विलंबित की शेजारून एक आजोबा काठी टेकत पुढे गेले. माझ्याच वयाचे असतील. त्यांनी खिडकीतून आत पाहून विचारलं, लिफ्ट देऊ का?

निम्म्या चढावर गाडी थांबली.

ताई म्हणाल्या, आलं का? मागून ही म्हणाली, नाही ताई, यती आहे. हे हिने मुद्दाम म्हटलं.

मी हँडब्रेक ओढून स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. खोटं कशाला लिहू, त्या वेळी वाईट वाटलं. फाटकाशी उभा राहिलेला तो माणूस डोळ्यांपुढे आला. मी हिला म्हणालो, ठीक आहे, तुझ्या सतरंज्या टाक उद्यापासून. आवाज जरा घोगरा आला असावा, कारण ताईंनी पर्समधली आल्याची वडी काढून दिली.

ही उतरली. ढकलायचं नाही ठरलंय, मी आठवण केली. ही म्हणाली, ढकलत नाहीये, गैरहजर मुलगा शोधतेय. बॉनेट उघडायला लावलं. गाडी जागेवर सुरू करायला लावली. वाकली, मान तिरकी केली, एक दोन तीन म्हणत एकेका वायरीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, अहो, ही वायर निघालेली आहे.

खरंच निघाली होती. डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यातून एक वायर उपटून बाजूला लोंबत होती. मी फिरवताना ताणली गेली म्हणे. म्हणजे गुरुवारचा तो ‘टिक्’. म्हणजे माझं तोटक... असो. त्यावर नंतर विचार करू.

इंजिन बंद करून हिने वायर दाबून बसवली. पुन्हा सुरू केलं तर आवाज चौघांचा, पण पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. आता? मी म्हणालो, आता जाऊ दे. ही म्हणाली, चौथा आला, पण सगळेच शिट्टीच्या आधी पळतायत. फार पुढे नेऊन ठेवलंत तुम्ही. कुठला बोल्ट सैल करता?

‘मी असेपर्यंत कुणी सैल करायचा नाही’ असं ज्याच्याविषयी लिहिलं, तो बोल्ट मीच सैल करून दिला. हिने माझ्या गळ्यातला मफलर काढून हाताला गुंडाळला आणि ताईंना म्हणाली, ताई, तू तिकडे सरकून बस आणि उजव्या पायाने अगदी हळू दाब. आयुष्यात कधी गाडीला पाय न लावलेल्या ताई ड्रायव्हरच्या जागेवर सरकल्या. गुडघे दुखत नसावेत त्या वेळी. हिने डबा केसभर मागे घेतला. एक दोन तीन चार. आणखी केसभर. एकदोनतीनचार. खडे गेले. इंजिन एकदम शांत, गोल, भरलेलं. लघु लघु लघु लघु. कसलंच वृत्त नाही.

पण मान्य करावं लागेल, मोकळ्या घशाचं गद्य होतं.

ही म्हणाली, आवळा आता. आवळला. मग ही ड्रायव्हरच्या जागेवर बसली. म्हणाली, अहो, तुम्ही थोडं मागून चालत या, पहिल्या झटक्याला ओझं कमी असलेलं बरं. मी म्हटलं, अटीत मी आत आहे. ही म्हणाली, तुमची अट की तुमची गाडी?

गाडी चढून गेली. मी मागून गेलो. वर पोचलो तेव्हा दोघी बहिणी बॉनेटला टेकून वारा खात होत्या. चौथी ओळ सुचली नाही, दमही नव्हता.

महत्त्वाचं: गाडी राहिली!! तत्त्वतः मी जिंकलो.

१७ मार्च, सोमवार.

विचार केला. वायर निघाली होती हे खरं, पण ती निघालीय हे ऐकू यावं इतकं स्वच्छ तोटक कुणामुळे वाजलं? टायमिंग दोघांनी मिळून लावलं असंच म्हणावं लागेल. आधी मी पुढे नेलं, मग हिने मागे आणलं. पुढे नेलंच नसतं तर मागे काय आणणार होती?

ही खूश आहे. सकाळी गाडी नुसती चालू करून बघितली, दोनदा. शिट्टी गाडीतल्या आरशाला टांगली आहे.

१९ मार्च, बुधवार.

हिला विचारलं, आता व्यायामवर्गाचं काय? ही म्हणाली, त्याचाच विचार करत होते, गॅरेज कशाला, गाडी आहे की. तळ्याकाठी मोकळं मैदान आहे. चौघींना घेऊन रोज जाईन. बाकीच्या चालत येतील, त्यांचा तेवढा व्यायाम.

मी म्हटलं, चौघी आणि तू, म्हणजे पाच. मग मी? ही म्हणाली, तुम्हाला कुठे जायचंय?

चांगला प्रश्न होता. चालवायचं खातं हिच्याकडे सोपवलं आहे. काव्यात्म देखरेख माझ्याकडे.

२१ मार्च, शुक्रवार.

लेकीचा फोन. गाडीचा आवाज ऐकव म्हणाली. गाडी घरी नव्हती. रिकाम्या गॅरेजमध्ये उभं राहून फोन धरला. ती म्हणाली, बाबा, आता एकदम छान वाटतंय. मी खुलासा केला नाही.

२५ मार्च, मंगळवार.

ग्रंथालयात जायचं होतं. हिला म्हटलं, आज गाडी मी नेतो. ही म्हणाली, आधी सांगायचं ना अहो, आज ताईसुद्धा येतेय, ती मागच्या सीटवरच व्यायाम करते. म्हणून बसने गेलो. खिडकीची जागा मिळाली. ती काही गाडीत नेहमी मिळते असं नाही.

चढावर आमची गाडी बसच्या शेजारून सफाईने पुढे गेली. ही सरळ बसून चालवत होती, मागे बायका हसत होत्या. मी हात केला. पुन्हा केला. कुणी पाहिलं नाही, वेगात होत्या. पण इंजिन काय लागलं होतं! राहवलं नाही. शेजारच्या माणसाला सांगितलं, ती बघा, त्या गाडीचं टायमिंग मी लावलंय.

त्याने गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, वा! मग तुम्ही बसमध्ये कसे?

पुढचा स्टॉप माझा नव्हता. तरी उतरलो.